सगळा खेळ मॅटचा!

कटिंग मशीन घरी आलं की स्क्रॅपबुक आपोआप तयार होतं, असा तुमचाही समज आहे? मग मशीनमध्ये कागदाला पाठुंगळी घेऊन जाणाऱ्या त्या चिकट शीटशी आधी ओळख करून घ्या...

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एका गोंडस मशीनमध्ये कुणीतरी रंगीत कागद सरकवतं, बटण दाबतं, घर्रर्र आवाज होतो आणि मिनिटभरात कागदातून नक्षीदार फुलपाखरू बाहेर! पाहता पाहता आपण मनात हिशेब मांडायला लागतो. दिवाळीचा बोनस, क्रेडिट कार्डाचा ईएमआय, बेडरूममधला तो रिकामा कोपरा. टीममधल्या फेअरवेलची कार्डं घरीच करू, भाचीच्या बारशाचा अल्बम करू, गणपतीला कागदाचं मखर करू. बस्स, ठरलं! मशीन घ्यायचंच!

एक मिनिट. तोच व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी फुलपाखराकडे न बघता कागदाच्या खाली बघा. कागद मशीनमध्ये एकटा जात नाही. चौकोन आखलेल्या एका लवचीक प्लास्टिक शीटवर चिकटून जातो. हीच ती मॅट. जाहिरातीत तिला कुणी विचारत नाही, दुकानदारही शेवटी 'मॅडम, एक्स्ट्रा मॅट देऊ का?' एवढंच विचारतो आणि आपण 'नको, एक आहे ना बॉक्समध्ये' म्हणून मोकळे होतो.

माझी शाळेपासूनची मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शनिवार-रविवार कोथरूडच्या घरी डायनिंग टेबलावर स्क्रॅपबुकच्या ऑर्डर्स पूर्ण करायच्या, असं तिचं दोन वर्षं चाललंय. साखरपुडा, डोहाळजेवण, पंचाहत्तरी, फेअरवेल... मागणी भरपूर. या लेखासाठी मी तीन वीकेंड तिच्या टेबलावर ठाण मांडलं. पहिल्याच दिवशी तिने मला सुनावलं, "मशीन एकदाच घेतलं गं. मॅट मात्र सारखी घ्यावी लागते. आणि काम फसतं ना, ते दहातल्या आठ वेळा मॅटमुळे!"

मॅट करते तरी काय?

या मशीनचं तंत्र तसं सोपं आहे. आतलं पातं डावी-उजवीकडे धावतं आणि रोलर मॅटला पुढे-मागे ओढतात. या दोन हालचालींच्या मेळातून गोल, पाकळी, अक्षर असं काहीही कापलं जातं. कॉम्प्युटरने सांगितलेली रेघ पातं चोख मारतं. पण कागद जागचा हलला तर? अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी वर्तुळाची दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत. पातं दोषी नसतं, डिझाइनही दोषी नसतं. कागद धरून ठेवणारं कुणी नसतं, एवढंच.

पण नुसतं धरून ठेवणंही पुरेसं नाही. काम झाल्यावर सोडताही आलं पाहिजे. फेव्हिकॉल लावला तर कागद हलणार नाही हे खरं, पण निघणारही नाही! म्हणून मॅटवर लागतो तो अर्धवट चिकट, पुन्हापुन्हा चिकटणारा थर. आपल्या ऑफिसातल्या पिवळ्या पोस्ट-इट चिठ्ठ्या याच तत्त्वावर चालतात. थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला १९६८ मध्ये भक्कम गोंद बनवायचा होता आणि हाती लागला हा अर्धवट चिकटणारा गोंद. त्याचं करायचं काय, हे ठरून पोस्ट-इट अमेरिकेच्या बाजारात यायला १९८० उजाडलं.

खूळ कुठलं?

योगायोग बघा, त्याच १९८० मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला एक जागतिक परिषद भरली होती. विषय होता कौटुंबिक नोंदी जपण्याचा. तिथे मॅरिएलेन क्रिस्टेनसन यांनी आपल्या घरच्या सजवलेल्या आठवणींचे पन्नासावर खंड मांडले आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्यात या सामानाचं दुकान थाटलं. आजच्या स्क्रॅपबुकिंगच्या लाटेची सुरुवात इथून झाली असं मानतात. कात्रणवह्या त्याआधीही होत्याच. लेखक मार्क ट्वेनने तर १८७३ मध्ये पानांवर आधीच गोंद लावून ठेवलेल्या वहीचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करा, कात्रण चिकटवा, झालं!

पुढे स्क्रॅपबुकच्या पानाचं माप रुळलं १२ बाय १२ इंच. म्हणून मशीनची नेहमीची मॅटही १२ बाय १२. लांबलचक कामासाठी १२ बाय २४ ची मिळते. कटिंग मशीनमधलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव, क्रिकट, तेही यूटाचंच. जपानी ब्रदर आणि अमेरिकन सिल्हूट हे त्याचे स्पर्धक.

दुकानातला घोळ

अप्पा बळवंत चौकात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्ल्यांत जाऊन 'कटिंग मॅट द्या' म्हणालात, तर हातात पडेल ती जाड, हिरवी, आर्किटेक्चरच्या पोरांच्या खाकोटीला असते ती. ती मॅट कटर हातात धरून काम करणाऱ्यांसाठी. तिला सेल्फ-हीलिंग म्हणतात, कारण कटरचे बारीक वळ मऊ थरात आपोआप मिटतात. ती चिकट नसते आणि जाडीमुळे मशीनमध्ये जातही नाही. तेव्हा दुकानात 'मशीनची, चिकट मॅट' असं स्पष्ट सांगा आणि मशीनचं मॉडेलही सांगा. एका कंपनीची मॅट दुसरीच्या मशीनमध्ये बसेलच याची खात्री नसते.

निळी, हिरवी, जांभळी, गुलाबी

खरी गंमत इथे आहे. सगळ्या मॅट सारख्या चिकट नसतात. क्रिकटच्या मॅटचे रंग ओळखायला सोपे आहेत. निळी सगळ्यात सौम्य. प्रिंटरचा साधा कागद, ट्रेसिंगसारखा पातळ कागद, नाजूक डिझाइनर पेपर हिच्यावर. हिरवी मधली. ग्रीटिंग कार्डाला वापरतो तो कार्डस्टॉक आणि स्टिकरचं व्हिनाइल हिच्यावर. जांभळी कडक. जाड पुठ्ठा, चकमकीचा जड कागद अशा दांडग्या गोष्टी तिच्यावर. आणि गुलाबी कापडासाठी. हे रंग त्या एकाच कंपनीचे आहेत हं! दुसऱ्या कंपनीची घेताना रंग न बघता पाकिटावर लाइट, स्टँडर्ड, स्ट्राँग यातलं काय लिहिलंय ते वाचा.

मशीनच्या खोक्यात येणाऱ्या एका मॅटवर सगळंच कापायला गेलात, तर पातळ कागद चिंध्या होऊन निघणार आणि जाड पुठ्ठा नाचत बसणार. नवी मॅट तर जरा जास्तच उत्साही असते. तिच्यावर पहिल्यांदा कागद ठेवायच्या आधी मैत्रीण जुना सुती टी-शर्ट दोन-तीनदा दाबून घेते. "नवीन जॉइन झालेल्या फ्रेशरसारखं असतं गं, आधी थोडं थंड करावं लागतं!" इति ती.

हातकागदाचे लाड

पुण्यात राहून कागदाचं काम करायचं आणि हातकागद वापरायचा नाही, हे कसं शक्य आहे? शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनलेला कागद हातात घेतला की खाली ठेवू नयेसा वाटतो. पण मॅटच्या दृष्टीने हे लाडावलेलं बाळ आहे. कारखान्यातला कार्डस्टॉक गुळगुळीत आणि घट्ट असतो. हातकागदाचे तंतू सैल असतात. कडक मॅटवर ठेवलात तर वरचा कागद हातात येतो आणि खालचा थर मॅटवरच राहतो. शिवाय ते तंतू गोंदावर बसून मॅटही निकामी करतात.

मैत्रिणीचा उपाय असा : हातकागदासाठी नवी मॅट काढायची नाही. बऱ्यापैकी वापरून थकलेली हिरवी मॅट घ्यायची, कागदाची गुळगुळीत बाजू खाली ठेवायची आणि चारही कडांना मास्किंग टेप लावायची. पात्याचा वेग कमी, डिझाइन मोठं आणि साधं. हातकागदावर जाळीदार नक्षीचा हट्ट धरायचा नाही.

पावसाळ्यात तर सगळ्याच कागदांचे नखरे सुरू होतात. दमट हवेने कार्डस्टॉक मऊ पडतो, कडा वळतात आणि कापताना रेघेवर लव निघते. म्हणून तिच्याकडे कागद झिपलॉकच्या पिशव्यांत असतो, सोबत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

'लांब पल्ला'

आता त्या अल्बमबद्दल सांगते, ज्याच्यामुळे मॅट हा विषय मला लेखाच्या लायकीचा वाटला. मैत्रिणीच्या ऑफिसातल्या एका मुलीचे वडील एसटीत कंडक्टर. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर स्वारगेट डेपोतून रिटायर होणार होते. लेकीने अल्बमची ऑर्डर दिली आणि सोबत एक बिस्किटाचा डबा. डब्यात काय होतं? खाकी गणवेशातले चार फोटो, एक बिल्ला आणि रबर लावलेली तिकिटांची जुडी. इलेक्ट्रॉनिक मशीन यायच्या आधीची, ट्रेमधून काढून टिक-टिक पंच करून द्यायचे ती. पातळ, रंग उडालेली, काही कोपऱ्यात जीर्ण. काकांनी ती का जपली होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लेकीची एकच इच्छा होती, कव्हरवर लाल डबा हवा आणि आत ही तिकिटं.

मैत्रिणीने पहिला नियम सांगून टाकला. मूळ फोटो आणि मूळ कागद मॅटवर ठेवायचाच नाही. कितीही सौम्य निळी मॅट असली तरी नाही. ज्याची दुसरी प्रत नाही, ते चिकट पृष्ठभागाच्या आसपासही न्यायचं नाही. सगळी तिकिटं सहाशे डीपीआयवर स्कॅन झाली, मॅट कागदावर प्रिंट निघाले आणि मशीनने कापले ते प्रिंट. मूळ तिकिटं ॲसिड-फ्री पानावर, पारदर्शक खिशात गेली. न चिकटवता. हव्या तेव्हा बाहेर काढता येतील अशी.

नावाचं काम आणखी किचकट. अल्बमचं नाव ठरलं 'लांब पल्ला'. मराठी अक्षरं कापायची म्हणजे शिरोरेघ हा मोठा आधार असतो. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं पडतं, आपल्याकडे अख्खा शब्द एका पट्टीला लटकून राहतो. पण सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं आधी वेल्ड करावी लागतात. नाहीतर 'पल्ला'मधली अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात, तिथे मशीन प्रत्येकाची बाहेरची रेघ वेगळी कापतं आणि शिरोरेघेचे तुकडे होतात. फाँटही जाड, गोलसर हवा. मुंबईच्या एक टाइपचा 'बलू' तिचा लाडका आहे, फुकट मिळतो आणि कापायला छान. उरला तो अनुस्वार. 'लां'वरचा तो टिंब तिळाएवढा, शिरोरेघेला न चिकटलेला. मॅट जरा जरी सैल असली तर तो पात्याबरोबर उडून जातो. मैत्रीण म्हणूनच असे टिंब नेहमी चार-पाच जादा कापते.

समारंभ शनिवारी होता. गुरुवारी रात्री अकरा वाजता तिने कव्हरचा कट लावला. लाल कार्डस्टॉक, त्यात बसच्या ओळीने खिडक्या आणि खिडक्यांच्या मध्ये काडीएवढे खांब. मी शेजारीच होते. पहिल्या तीन खिडक्या सुरेख कापल्या गेल्या. चौथीला कागदाचा कोपरा उचलला गेला, पात्याने तो ओढला आणि पाचव्या-सहाव्या खिडकीच्या मधला खांब तुटला. मॅट तीसेक कट झालेली होती, वर चकमकीचे कण आणि मांजरीचे केस. नवी मॅट घरात नव्हती आणि दुकानं बंद. लाल कागदाचा एकच ताव उरला होता.

त्या वेळी तिने मशीनला हातही लावला नाही. बेसिनवर गेली, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले आणि मऊ ब्रशने मॅट गोल गोल चोळली. केस, कण, कागदाचा भुसा सगळा निघाला. टॉवेलने पुसली नाही, कारण टॉवेलचे तंतू पुन्हा चिकटतात. नुसती उभी करून ठेवली आणि दोघी झोपलो. सकाळी सहाला बोट लावून पाहिलं तर चिकटपणा बराचसा परतला होता! खरं तर तो गेलाच नव्हता, मळाखाली दबला होता. कडांना मास्किंग टेप, रोलरने कागद दाबून घेतला, कोपऱ्यात छोटा टेस्ट कट, मग मुख्य कट. सगळ्या खिडक्या शाबूत. साडेसातच्या कंपनीच्या बसने ती ऑफिसला गेली.

लेकीने नंतर सांगितलं, काकांनी कव्हर पाहून 'वा' म्हटलं आणि पानं उलटत थेट तिकिटांवर थांबले. खिशातून एक तिकीट काढलं, उजेडात धरलं, पंचचं भोक पाहिलं. ते त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचं निघालं. घरात हे त्या दिवशी कळलं.

हिशेबाची गोष्ट

आता थोडं पैशांचं बोलू या. ब्रँडेड मॅट घ्यायची म्हणजे मल्टिप्लेक्सची एक संध्याकाळ पॉपकॉर्नसकट गेली असं समजा. घरगुती हौसेसाठी हे चालून जातं. पण तुम्हीही वीकेंडला ऑर्डर्स घ्यायचा विचार करत असाल तर मैत्रिणीची वही बघायला हवी. पहिल्या वर्षी ती कागद आणि आपला वेळ, एवढंच धरून किंमत सांगायची. वर्ष संपताना कळलं की फायदा मॅट आणि पात्यांनी खाल्ला. आता ती प्रत्येक मॅटच्या कडेला पहिल्या वापराची तारीख लिहिते आणि प्रत्येक कटमागे एक रेघ ओढते. हिरव्या मॅटचे तीस-चाळीस पूर्ण कट धरून दर कटचा खर्च काढते आणि तो ऑर्डरच्या किमतीत घालते. "नोकरी सोडायची की नाही ते पुढचं पुढे. पण सोडली तर ती या वहीच्या जोरावर, लाइक्सच्या जोरावर नाही," ती म्हणते.

'मॅटशिवाय चालणारी मशीन आलीत ना?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आलीत. क्रिकटने २०२१ मध्ये आणलेली एक्सप्लोर ३ आणि मेकर ३ ही मशीन मॅटशिवाय कापतात, पण खास त्यासाठी बनवलेलं, पाठीला थर असलेलं मटेरियल. अप्पा बळवंत चौकातून आणलेला साधा कार्डस्टॉक कापायचा तर मॅट लागतेच.

आणि मशीन घ्यायचं की नाही, हेच अजून ठरत नसेल तर माझा सल्ला ऐका. आधी ती हिरवी सेल्फ-हीलिंग मॅट आणि एक चांगला कटर घ्या. एक पान हाताने कापा. मजा आली, दुसरं पान करावंसं वाटलं, तर खुशाल मशीन घ्या. मात्र बिल करताना दुकानदाराने 'एक्स्ट्रा मॅट देऊ का?' विचारलं, तर या वेळी 'हो' म्हणा!

मॅट टिकवायचीय? मग हे कराच

* वरचं पारदर्शक कव्हर फेकू नका. काम संपलं की लगेच मॅटवर घाला. धूळ हा तिचा पहिला शत्रू.

* कागद मॅटवरून उचलू नका, मॅट कागदावरून सोला! मॅट उलटी करा, टेबलावर ठेवा, कोपरा वाकवून मॅट हळूहळू मागे ओढा. कागद सपाट राहतो, वळत नाही.

* बारीक तुकडे नखाने खरवडू नका. प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं कार्ड आडवं फिरवा. केस-भुशासाठी कपड्यांचा चिकट रोलर उत्तम.

* अल्कोहोल नसलेला बेबी वाइप अधूनमधून फिरवा. मळ जास्त असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. मग वाऱ्यावरच वाळवा, ऊन किंवा ड्रायर नको.

* कापडाची गुलाबी मॅट धुवायची नाही. तिला बोटांचं तेलही चालत नाही. सुटलेले धागे चिमट्याने वेचा.

* पातं गरजेपेक्षा खोल लावू नका. कागदाबरोबर मॅटही चिरली जाते आणि त्याच चिरांत पुढचा कागद अडकतो.

* मॅट गुंडाळून कपाटात कोंबू नका. सपाट ठेवा किंवा खिळ्याला लटकवा, खिडकीच्या उन्हापासून दूर.

* गोंदाचा स्प्रे मारून मॅट जिवंत करणारे खूप आहेत. करायचंच असेल तर कडा टेपने झाका आणि स्वतःच्या जबाबदारीवर करा. रोलरला गोंद लागला तर मॅटपेक्षा महाग पडेल!